काड्यांचं उत्तर आणि वहीचं उत्तर: तिसरीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

प्रकल्पाचा विषय: हातच्याची वजाबाकी करताना तिसरीतली मुलं नेमकं काय करतात आणि का करतात.
डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांसाठीची पदविका) द्वितीय वर्ष, शाळा आंतरवासिता म्हणजे शाळेतलं प्रत्यक्ष काम. पूर्व नागपुरातली मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा, इयत्ता तिसरी, पट ३४. मुलांची नावं नोंदीत येणार नाहीत, फक्त एकेक अक्षर.

३० जून, सोमवार

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून उघडतात. त्यामुळे वर्गाची घडी अजून बसायची आहे. कोणी कुठे बसायचं यावरून सकाळी दोन भांडणं झाली. वर्गशिक्षिका मॅडमनी ती आवाज न चढवता मिटवली.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे आम्हाला दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. पहिल्या वर्षी आज या वर्गावर, उद्या त्या वर्गावर असे सरावपाठ झाले. यंदा मी एकच वर्ग मागितला होता आणि मुख्याध्यापकांनी तिसरी दिली. मला मनापासून हवं होतं तेच मिळालं.

हा आठवडा निरीक्षणाचा. अध्यापक विद्यालयातून मिळालेल्या निरीक्षण तक्त्यात प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, प्रबलन असे रकाने आहेत. सगळे शिक्षकाकडे बघायला लावणारे. मूल त्या वेळी काय करत होतं, यासाठी रकाना नाही. म्हणून मी मागे दुसरा कागद जोडला. त्यावर रोज तीनच मुलं, आणि त्यांचे हात काय करतात तेवढंच लिहायचं.

३ जुलै, गुरुवार

दुसरीची उजळणी चालू आहे. मॅडमनी फळ्यावर ५२ वजा ३८ मांडलं आणि मुलांना वहीत करायला सांगितलं. मी स.च्या मागच्या बाकावर होते.

स.ने आधी उत्तर लिहिलं, २६. मग पेन्सिल वर नेली, ५ वर तिरपी काट मारली, त्यावर बारीक ४ लिहिला, २ च्या डोक्यावर १२ लिहिलं. खालच्या २६ ला हातसुद्धा लावला नाही. वही बंद करून ती मोकळी झाली.

मधल्या सुट्टीत तिला विचारलं, "ही काट कशासाठी मारलीस गं?"

"मॅडम मारायला लावते नं. नाही मारली का अर्धंच बरोबर देते."

आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. मोठ्यातून लहान काढायचं, वर कोण आहे आणि खाली कोण आहे हे बघायचंच नाही. हा नियम तिने स्वतःच बनवला आहे आणि ती तो प्रत्येक गणितात इमानाने पाळते. काट आणि वरचे बारीक आकडे तिच्या लेखी उत्तर झाल्यावर घालायची सजावट आहेत. वही तपासणाऱ्याला मात्र वाटेल की पोरीला हातचा समजलाय, शेवटी जरा घाई झाली.

प्रकल्पाचा विषय काय घ्यायचा हे माझं ठरत नव्हतं. आज ठरलं.

७ जुलै, सोमवार

मॅडमच्या परवानगीने पाच गणितांची छोटी चाचणी घेतली. गुण द्यायचे नाहीत हे आधीच सांगितलं. ४७ − २३, ५२ − ३८, ६० − २७, ७१ − ६, ८३ − ७९. प्रत्येक गणित वेगळ्या कारणासाठी निवडलं. पहिल्यात हातचा नाही, तिसऱ्यात वर शून्य आहे, चौथ्यात खाली एकच अंक आहे, पाचव्याचं उत्तर एकअंकी येतं.

पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी हे दुसरीच्या अखेरीचं लक्ष्य आहे, आणि तिसरीच्या अखेरीस ९९९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं. म्हणजे हा पाया गेल्या वर्षीच पक्का व्हायला हवा होता.

४७ − २३ जवळजवळ सगळ्यांना आलं. पुढच्या चारांत मात्र वर्ग फुटला.

९ जुलै, बुधवार

पावसामुळे शाळांना सुट्टी. घरी बसून कागद लावले.

बरोबर आणि चूक असे दोन ढीग केले तर हाताला काहीच लागत नाही. म्हणून चुकलेल्या उत्तरांचेच ढीग केले. ६० − २७ ला ४७ लिहिणारे वेगळे: शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य काढलं. ४० लिहिणारे वेगळे: शून्यातून काही जातच नाही, मग शून्यच. ४३ लिहिणारे वेगळे: यांनी दशक घेतला, दहातून सात काढले, पण ६ चे ५ करायचे राहिले. ७१ − ६ ला ११ लिहिणारे आणखी वेगळे, त्यांनी ६ हा ७ च्या खाली मांडला.

चारही उत्तरं चूक. पण ४३ लिहिणारं मूल बरोबर उत्तरापासून एका पावलावर आहे, आणि ११ लिहिणाऱ्याची अडचण वजाबाकीची नाहीच, स्थानिक किमतीची आहे. या दोघांना एकच उपचारात्मक पाठ देणं मला पटत नाही.

सर्वांत मोठा ढीग स.च्या नियमाचा निघाला.

१४ जुलै, सोमवार

साहित्याची तयारी. आईस्क्रीमच्या काड्या आणि रबर. प्रत्येक गटाने स्वतः दहा-दहा काड्या मोजून गठ्ठे बांधायचे, मी बांधून द्यायचे नाहीत, हे मॅडमनी सुचवलं आणि ते फार कामाचं ठरलं. आपण बांधलेल्या गठ्ठ्यात दहाच आहेत याची मुलांना खात्री असते. माझ्या गठ्ठ्यातल्या काड्या त्यांनी पुन्हा मोजल्या असत्या.

आ. घरी हिंदी बोलतो, मोजताना "अठ्ठाईस, उनतीस" म्हणतो. शेजारचा त्याला टोकत होता. मी म्हटलं, मोजू दे त्याला, काड्या तेवढ्याच आहेत.

१६ जुलै, बुधवार

या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते.

स., तिची बाकावरची मैत्रीण ग. आणि मी, जमिनीवर. स.समोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. मी म्हटलं, "यातल्या अडतीस मला दे."

तिने तीन गठ्ठे दिले. मग दोन सुट्या उचलल्या, हातात धरून थांबली. "आठ नाही आहे."

"मग?"

ती गठ्ठ्याकडे बघत राहिली. ग. म्हणाली, "सोड नं रबर." स.ला ते पटलं नाही, गठ्ठा तिने सकाळीच बांधला होता. तिने दोन्ही सुट्या काड्या परत खाली ठेवल्या, चौथा गठ्ठा अख्खा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तुम्ही मले दोन वापस द्या."

मी दोन काड्या दिल्या. तिच्याकडे एक गठ्ठा, दोन जुन्या सुट्या आणि दोन परत आलेल्या. "चौदा," ती म्हणाली. मोजावंही लागलं नाही.

कोणी शिकवलं नव्हतं. चाळीस देऊन दोन परत घेतले. कुठल्याही हिशेबनिसाला शोभेल अशी पद्धत.

मग तिला वही उघडायला सांगितली. ५२ − ३८. तिने २६ लिहिलं आणि काट मारली.

"काड्यांनी किती आले?"

"चौदा."

"आणि वहीत?"

"सव्वीस."

"मग खरं कोणतं?"

तिने एकदा काड्यांकडे पाहिलं, एकदा वहीकडे. "दोन्ही. काड्यांचं वेगळं असते, वहीचं वेगळं असते."

ग.ने मान डोलावली. तिलाही तसंच वाटत होतं.

आम्हाला शिकवतात की मूर्ताकडून अमूर्ताकडे जा, आधी वस्तू, मग चित्र, मग अंक. मी तीच पायरी धरून पाठ टाचण लिहिलं होतं: सोमवारी काड्या, बुधवारी चित्रं, शुक्रवारी उभी मांडणी. स.च्या एका वाक्याने कळलं की या पायऱ्यांच्या मधली जागा किती रुंद आहे. मूल काड्यांवर सरळ बरोबर चालतं आणि वहीपाशी आलं की तिथला वेगळा कायदा लावतं. दोन्हींचा संबंध आहे असं त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. साहित्य वापरलं की संकल्पना स्पष्ट होते, हे वाक्य आमच्या प्रत्येक टाचणात असतं. मी ते यापुढे लिहिणार नाही.

आणि हे एकमेकींपुढे घेतलेल्या सूक्ष्मपाठात कधीच दिसलं नसतं. तिथे विद्यार्थी झालेली मैत्रीण ठरवून चुकते, आणि आपल्याला सोपं जाईल असंच चुकते.

२१ जुलै, सोमवार

नवी रीत सुरू केली. जोडीत एक जण काड्या हलवणार, दुसरा लिहिणार. लिहिणाऱ्याने काड्या हलल्याशिवाय एक अंकही लिहायचा नाही. गठ्ठ्याचा रबर निघाला, तरच ५ वर काट. सोडलेल्या दहा काड्या दोन सुट्यांत मिसळल्या, तरच १२.

याच ठिकाणी थांबून प्रत्येक जोडीला विचारते, "आता तुमच्याकडे एकूण किती काड्या आहेत?" अजून काहीच काढलेलं नाही, तरी बरीच मुलं "बासष्ट" म्हणतात. गठ्ठा सुटला आणि पसारा दिसू लागला की वाढल्यासारखं वाटतं त्यांना. मोजून बघा म्हटलं. मोजल्यावर बावन्नच. चार गठ्ठे आणि बारा सुट्या म्हणजेच पाच गठ्ठे आणि दोन सुट्या, हे ज्या मुलाला पटलं त्याचं पुढचं सगळं सरळ झालं. फळ्यावरच्या मांडणीत ही जागा अर्ध्या सेकंदात निघून जाते. मला वाटतं या घटकाचा निम्मा वेळ इथेच द्यायला हवा.

गठ्ठा सोडायला स. अजूनही नाखूश. तिचा गठ्ठा देऊन परत घेण्याचा मार्ग मी बंद केलेला नाही.

३० जुलै, बुधवार

र. गणितात कच्ची आहे असं वर्गात सगळे म्हणतात, तीसुद्धा म्हणते. तिची आई सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी लावते. आज र. लवकर सोडा म्हणून विचारायला आली, दुकानावर बसायचं होतं.

सहज विचारलं, "बत्तीस रुपयांची भाजी झाली, गिऱ्हाईकाने पन्नासची नोट दिली. किती वापस करशील?"

"अठरा."

"कसं काढलं?"

"बत्तीसवर आठ दिले का चाळीस होते. अन् मंग दहाची नोट." हे सांगताना तिचा उजवा हात समोर नाणी ठेवत गेल्यासारखा हलत होता.

चाचणीत अशाच गणितात तिने खालच्या अंकातून वरचं शून्य काढलेलं आहे. पन्नासातून बत्तीस गेले तर तिच्या वहीत बावीस उरतील. दुकानावर ती कोणालाही चार रुपये जास्त देणार नाही.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या तिलाच शिकवू द्या."

३१ जुलै, गुरुवार

वर्गाच्या फरशीवर खडूने लांब रेघ काढली. एका टोकाला ३२, दुसऱ्या टोकाला ५०. र. ३२ वर उभी राहिली, "आठ" म्हणून ४० वर उडी मारली, "दहा" म्हणून ५० वर. कोणी म्हणालं, हे तर मिळवणं आहे, वजाबाकी कुठे आहे? चांगला प्रश्न होता. त्यावर अर्धा तास गेला आणि तो मी जाऊ दिला. शेवटी ग.ने मांडलं ते असं: काढून टाका किंवा मधलं अंतर मोजा, उरते तेवढंच.

तास संपेपर्यंत सहा-सात मुलांनी र.कडून आपापली गणितं तपासून घेतली. र.ला कच्ची म्हणणं आजपुरतं तरी थांबलं.

६ ऑगस्ट, बुधवार

अध्यापक विद्यालयाच्या मॅडम पाठ निरीक्षणाला आल्या. ८३ − ७९ घेतलं होतं. उभ्या मांडणीत हातचा लागतो, आणि रेघेवर दोनच छोट्या उड्या. दोन्हींतली कोणती रीत इथे सोयीची, हे मुलांनी ठरवायचं.

त्यांचा शेरा जसाच्या तसा उतरवते, कारण तो जपून ठेवण्यासारखा आहे: "‘कसं केलंस’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारत राहा. फक्त चुकल्यावर विचारला तर मुलं त्या प्रश्नालाच चूक समजतात."

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. "कसं केलंस?" ऐकलं की खोडरबर उचलणारे हात अजून दिसतात, पण कमी.

२० ऑगस्ट, बुधवार

परवा पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा आणि मारबतींची मिरवणूक. वर्गात दुसरा विषय नाही. परिपाठानंतर मुलांनी आपापल्या लाकडी बैलांची वर्णनं केली. कोणाचा चाकांचा, कोणाचा आजोबांच्या वेळचा, कोणाचा यंदा भावाला मिळणार म्हणून रडणं. भाषेच्या तासाला बैल आणि गणिताच्या तासालाही बैलच.

२५ ऑगस्ट, सोमवार

तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन घरोघर फिरलं की बोजारा मिळतो. आज प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या बोजाऱ्याचा हिशेब ताजा होता. शाब्दिक उदाहरणं मी लिहून आणली नाहीत. मुलांनीच घातली.

"मले चौसष्ट भेटले, त्यातले अठ्ठावीस मायने ठेवून घेतले." "माझ्याजवळ पंचेचाळीस, भावाजवळ ब्याऐंशी, त्याले किती जास्त भेटले?" हे दुसरं उदाहरण आ.ने घातलं. एरवी "किती जास्त" म्हटलं की मुलं मिळवतात, जास्त हा शब्द ऐकूनच. आज एकानेही मिळवलं नाही. भावाला जास्त मिळाले हे दुःख प्रत्येकाला नीट कळत होतं.

ज्यांना बोजारा मिळाला नाही अशी दोन-तीन मुलं असतात, हे मॅडमनी सकाळीच कानावर घातलं होतं. म्हणून रक्कम स्वतःचीच हवी असं मी म्हटलं नाही. एकाने आपल्या बैलाला हजार रुपये मिळाल्याचं सांगितलं आणि वर्गाने ते आनंदाने मान्य केलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

जुलैसारखीच चाचणी, अंक बदलून. निकाल जसा आहे तसा लिहिते.

४३ लिहिणारा ढीग जवळजवळ संपला. मोठ्यातून लहान काढणारा ढीग बराच लहान झाला, पण आहे. त्यातली काही मुलं जुलै-ऑगस्टमध्ये फार गैरहजर होती, हजेरीपटाशी ताडून पाहिलं. जुलैत ७१ − ६ ला ११ लिहिणारी दोन मुलं तिथेच आहेत. त्यांना मी वेगळं बसवून चौकटीच्या वहीत एकक-दशकाची घरं आखून देते आहे, त्यांचा रस्ता लांबचा आहे.

स.ने आधी काट मारली, मग उत्तर लिहिलं. मी मुद्दाम तिच्याजवळ उभी होते. तिच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'चाळीस दिले' असं लिहिलेलंही सापडलं. ती दोन्ही रीतींनी करून ताळा बघते आहे.

शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. या वर्गात जूनअखेरपासून आम्ही दोघी आहोत, म्हणून एकेका मुलाजवळ बसणं जमलं. मॅडम एकट्या असतात तेव्हा एकीकडे पोषण आहाराची नोंद, एकीकडे ऑनलाइन माहिती, एकीकडे वर्ग. त्यातही त्या रोज दोन मुलांना टेबलाजवळ बोलावून "कसं केलंस" विचारतात. मी गेल्यावरही हे चालू राहील अशी सोय त्यांनीच काढली आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला पूर्ण वर्ग. बरीच मुलं घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर जाऊन आली. बाहेरगावचे पाहुणे घरी उतरले होते, झोप झाली नव्हती, पण बोलायला सगळी तयार. पुस्तकांच्या दुकानांबद्दल सगळ्यांत जास्त बोलले. एकाने उदाहरण घातलं: पासष्टचं पुस्तक, बाबाने शंभराची नोट दिली.

र.ने हात वर करून सांगून टाकलं, "पस्तीस. पाच दिले सत्तर, मंग तीस."

बाकीच्यांनी उभी मांडणी केली आणि अडकले. एककात शून्य, उसना घ्यायला शेजारी जावं तर तिथेही शून्य. वर्गात पहिल्यांदाच असं झालं की कोणी घाईने उत्तर लिहिलं नाही. पेन्सिली थांबल्या. आ. म्हणाला, "मॅडम, दशकाजवळ काहीच नाही, तर तो देईल काय?"

शंभराचा मोठा गठ्ठा आमच्याकडे नव्हता. मधल्या सुट्टीत मुलांनी दहा गठ्ठ्यांना मिळून एक सुतळी बांधली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडमकडे द्यायच्या वहीत आज शेवटची पानं लिहिली. प्रत्येक मुलासाठी अर्धं पान: कोणत्या रीतीने करतं, कुठे थांबतं, काय विचारलं की पुढे सरकतं. गुण नाहीत.

दिवाळीनंतर घ्यायच्या कामाचं पान वेगळं केलं. ३०२ − १४८ तिघांकडून करून घेतलं. एकाचं २४६, म्हणजे जुना नियम तीन अंकांत पुन्हा वर आला. एकाचं १४४: त्याने शतकातला एक थेट एककाला दिला, मधल्या घरावरून उडी मारून, आणि तिथल्या शून्याला तसंच ठेवलं. स.ने दोनशे दिले, बावन्न वापस घेतले आणि १५४ लिहिलं. उभ्या मांडणीत तिला अजून ते येत नाही. सुतळीचा गठ्ठा आधी दहा गठ्ठ्यांत सोडायचा आणि मग त्यातला एक रबराचा, या दोन सोडण्या वहीत दोन वेगळ्या ओळींत लिहून घ्यायच्या आहेत. ४३ लिहून आता पुढे गेलेल्या मुलांपासून सुरुवात करावी असं मी सुचवलं. मॅडमच्या मते र. आणि स.ला एका जोडीत बसवून तिथून सुरुवात करावी. त्यांचं बरोबर वाटतं.

काड्या, रबर आणि सुतळी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. साठ-सत्तर काड्या कमी पडतील, त्या सोमवारी आणून देते.